टॅब बाळकुमला राहतो

वसुधा गुरुवारी सकाळी दहा वाजता गेली.

आमच्या घरातले व्हिडिओ कॉल तीच करत असे. आमची मुलगी मुक्ता मेलबर्नला असते. दर रविवारी अकरा वाजता वसुधा आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि त्याच्यासमोर बसायची. मी तिच्या शेजारी बसायचो, पण त्या चौकटीत आम्ही दोघं मावत नसू. नऊ वर्षं मुक्ताला माझा डावा कान आणि चष्म्याची एक काडी एवढंच दिसलं. शेवटी ती विचारायची, "कान बरा आहे ना?" आणि मी कान हलवून दाखवायचो. (मला तो खरंच हलवता येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं न बोलता बसून मी मिळवलेलं हे एकमेव कसब.)

दिवसकार्य झालं आणि पंधरा दिवसांनी मुक्ता परत गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, दर रविवारी मला तुम्ही दिसला पाहिजेत. नुसता आवाज नको. नाहीतर मी नोकरी सोडून इकडे येऊन बसेन."

"दिसेन," मी म्हटलं.

"आणि बोला काहीतरी. पंधरा दिवसांत तुम्ही माझ्याशी फक्त दुधाबद्दल बोललात."

ते खरं होतं. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. त्या गुरुवारची. पंधरा दिवस मी रोज सकाळी ती सांगायला तिच्यासमोर बसायचो आणि दूध आलं का ते विचारून उठायचो.

पुढच्या रविवारी मी साखरेचा डबा मांडला. वसुधाचा फोन उघडेना. त्याचा आकडा मला माहीत नव्हता. मी लग्नाची तारीख घातली, मुक्ताची जन्मतारीख घातली, आमच्या डोंबिवलीच्या घराचा पिनकोड घातला. फोनने आधी पाच मिनिटं थांबायला सांगितलं, मग तासभर, आणि मग माझ्याशी कायमचा अबोला धरला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचे चार आकडे ज्याला माहीत नाहीत, त्याच्याशी आपण तरी का बोलावं, असं त्याला वाटलं असावं.

माझा स्वतःचा फोन जुना. त्याच्या कॅमेऱ्यावर ओरखडे आहेत. मुक्ता म्हणाली, "बाबा, तुम्ही माळशेज घाटात उभे आहात का?"

"नाही. स्वयंपाकघरात."

"धुकं दिसतंय. असं करा, एक टॅब घ्या. पडदा मोठा असतो, डोळ्यांना त्रास नाही. आणि त्याच्यावर लिहिताही येईल, कुठेही बसून. तुम्हाला बोलायला जमत नसेल तर लिहा. आईबद्दल लिहा आणि मला पाठवा."

ही सूचना मला फार आवडली. लिहिताना समोरच्याकडे बघावं लागत नाही.

मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. लग्न केलं नाही. ठाण्याला बाळकुममध्ये एका संकुलात अकराव्या मजल्यावर एकटी राहते आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी समोरचा माणूस उभा राहिल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही. फोनवरही मी उभा राहतो.

"टॅब घेतोय," मी म्हटलं.

"नवा?"

"नवाच घेणार ना."

"विनू, घरात माणूस गेलंय. वर्ष व्हायच्या आत नवी वस्तू उंबऱ्याच्या आत आणायची नसते. आईच्या वेळी आपण मिक्सर आणला नव्हता. वर्षभर पाट्यावर वाटलं वसूने. आठवतंय ना?"

आठवत होतं. वसुधाने वर्षभर पाट्यावर वाटलं होतं आणि मी वर्षभर चटणीची स्तुती केली होती.

"पण मुक्ताला मी दिसायला हवा."

ताईने विचार केला. तिचा विचार फोनवरही ऐकू येतो. "माझ्या घरी ठेवू. तू इथे येऊन वापर."

"अगं, तू माझी सख्खी बहीण. तुझं लग्न झालेलं नाही, म्हणजे घराणं तेच. मग नियम तुझ्या घरालाही लागू नाही का?"

"माझं घर वेगळं आहे," ताई म्हणाली. "माझं विजेचं बिल वेगळं येतं."

यावर कुठल्याही धर्मग्रंथात उत्तर नाही. मी शोधलं.

टॅब कल्याणला घ्यायचा ठरला, कारण तिथे ताईच्या एका विद्यार्थ्याचं दुकान आहे. हा विद्यार्थी, प्रशांत, आता पन्नाशीचा आहे, पोट सुटलेलं आहे, हाताखाली चार माणसं आहेत. ताई दुकानात शिरली तसा तो खुर्चीतून उठला आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत बसला नाही.

"बाई, या ना बाई. काय देऊ? यूज काय आहे काकांचा? गेमिंग वगैरे?"

"तो वर्षाच्या आतला आहे," ताई म्हणाली. "गेमिंग काय विचारतोस?"

"सॉरी बाई."

"लिहिणं आणि व्हिडिओ कॉल," मी म्हटलं. "आणि सोबत नेता आला पाहिजे."

प्रशांतने काउंटरवर सहा टॅब मांडले. ताईने एकेक उचलून तोलला. मग तिने पर्समधून कापडी पिशवी काढली, एक टॅब तीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि दुकानात एक फेरी मारून आली. (सोबत नेण्याची चाचणी अशी घ्यायची असते हे मला ठाऊक नव्हतं. प्रशांतलाही नव्हतं.)

"हा दंडाला ओढतो. दुसरा दे. याच्यात किती मावतं?"

"एकशे अठ्ठावीस जीबी, बाई."

"म्हणजे किती पानी?"

प्रशांतने घाम पुसला. "बाई, काकांनी आयुष्यभर लिहिलं ना, तरी संपणार नाही."

"ते संपणारच नाही. तो महिन्याला एक ओळ लिहितो. अक्षर काढायला काय आहे?"

त्याने लेखणी दाखवली. मी पडद्यावर 'वसुधा' असं लिहिलं. अक्षर बरं आलं. मग ते दुकानातल्या टॅबवर तसंच राहिलेलं बरं दिसणार नाही म्हणून पुसायला गेलो, तर पुसता येईना. शेवटी प्रशांतने पुसलं. त्याने ते पटकन पुसलं आणि मला वाटलं, हाच घ्यावा.

"हा बेस्ट आहे काका. दहा इंची, हलका, सिम कार्डवाला. वायफाय नसलं तरी चालतो, कुठेही न्या. आणि याचा कॅमेरा बघा, लांबीच्या बाजूवर आहे, बरोब्बर मध्ये. स्वस्तातल्यांचा कडेला असतो, मग माणूस कॉलवर तिसरीकडेच बघतोय असं वाटतं. हा आडवा ठेवायचा, आपण मधोमध बसायचं, बस."

"मधोमध?"

"हो काका. एकदम मधोमध."

मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

"पाय हलवू नकोस," ताई प्रशांतला म्हणाली, आणि खरेदी पूर्ण झाली.

अशा रीतीने कुठेही नेता येणारा टॅब बाळकुमला अकराव्या मजल्यावर, ताईच्या कपाटात, तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून राहायला गेला. तो तिथून वर्षभर हलला नाही. हललो मी. दर रविवारी सकाळी डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून बाळकुमची बस, लिफ्ट चालू असेल तर लिफ्ट. आमच्या दोघांत सोबत नेता येण्यासारखा मीच निघालो.

अकरा वाजता ताई टॅब बाहेर काढायची, जेवणाच्या टेबलावर आडवा उभा करायची आणि मधोमध बसायची. मी शेजारी खुर्ची ओढायचो.

"आत्या, जरा सरक ना. बाबा दिसत नाहीत."

"तो आहे. हा बघ कान." ताई मग तासिका घ्यायला लागायची. जेवतेस का, तिकडे भाज्या कोणत्या, ऑफिसात बसून मान दुखते त्यावर काय करतेस. मुक्ता तिसरीतल्या मुलीसारखी सरळ बसून उत्तरं द्यायची. वेळ संपत आली की ताई म्हणायची, "विनू, तुला काही विचारायचंय?"

"तिकडे दूध चांगलं मिळतं का?"

"मिळतं, बाबा."

कॉल संपला की लिहिण्याची वेळ. ताई समोर भाजी निवडत बसायची. मी लेखणी घेऊन पहिलं वाक्य लिहिलं: वसुधा गुरुवारी सकाळी दहा वाजता गेली.

ताईने ते उलटं वाचलं. (मुख्याध्यापिका समोर बसून कुठलीही वही उलटी वाचू शकतात.) "पावणेदहा," ती म्हणाली.

"दहा, ताई. मी घरात होतो."

"मला तुझा फोन आला तेव्हा दहाला पाच कमी होते. आणि सुरुवातच गेली म्हणून? मुलांनी निबंध असा लिहिला असता तर मी वही परत केली असती. आधी जन्म, मग शिक्षण, मग स्वभाव."

आम्ही पावणेदहा की दहा यावर सात रविवार घालवले. आठव्या रविवारी मी 'सकाळी' एवढंच ठेवलं. ताई म्हणाली, हे मोघम झालं. मला खरं तर पुढचं वाक्य लिहायचं होतं, आणि ते ताईसमोर लिहिता येण्यासारखं नव्हतं. ती ते उलटंही वाचू शकली असती.

त्यात टॅबची बॅटरी. प्रत्येक रविवारी ती संपलेली असायची. मी प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, "काका, वापरला नाही तर एवढी उतरत नाही." मी ताईला विचारलं.

"त्याला हवा लागावी म्हणून मी अधूनमधून उघडते."

हवा लागावी म्हणून ताई त्याच्यावर पत्ते लावत होती. एकटीने खेळायचा डाव. पडद्यावर तिचे आकडे दिसत होते: चारशे बारा डाव, त्यातले जिंकलेले एकोणऐंशी. मी टॅब चार्जिंगला लावला. तिने मला त्या दिवशी दोनदा आमरस वाढला.

वर्ष झालं. वर्षश्राद्ध शनिवारी होतं. मुक्ताला सुटी मिळाली नाही. "मी कॉलवरून बघेन," ती म्हणाली. "टॅब समोर ठेवा."

यावर ताईने एक दिवस घेतला. श्राद्ध पुरं होईपर्यंत वर्ष पुरं होत नाही, वर्ष पुरं होईपर्यंत टॅब आत येऊ शकत नाही, आणि टॅब आत आल्याशिवाय मुक्ताला श्राद्ध दिसत नाही. शेवटी टॅब उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याजवळ, बुटक्या स्टुलावर ठेवायचा ठरला, दाराकडे तोंड करून.

सकाळी नऊला मुक्ता स्टुलावर आली. माणसं यायला लागली. येणारा प्रत्येक जण स्टुलापाशी चपला काढायचा. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी टॅबवर छत्री टेकवून ठेवली. शेजारच्या काकू पाया पडायला वाकल्या (फोटोच्या आधी टॅब लागला म्हणून) आणि मुक्ता म्हणाली, "काकू, मी जिवंत आहे." गुरुजींनी आतून विचारलं, "बाहेर कोण आहे?"

"मुलगी आहे," मी म्हटलं.

"मग आत बोलवा की."

"वर्षाच्या आत येता येत नाही," ताई म्हणाली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि पळीने पाणी सोडलं.

मुक्ताने आईचं वर्षश्राद्ध अकरा जोडी चपलांच्या मागून पाहिलं. पिंडाला नमस्कार करताना मी दाराकडे बघितलं. ती हात जोडून बसली होती. तिच्यापुढे कुणाचा तरी काळा बूट होता.

ताई म्हणाली, श्राद्धाच्या दिवशी नव्या वस्तूचं स्वागत करायचं नसतं. म्हणून टॅब त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे राहिला. रविवारी सकाळी मात्र ताई न्हाऊन, काठाचं नेसून दारात उभी राहिली. तिने काकूंकडून टॅब आणवला. त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग देवघरातून वसुधाचा कुंकवाचा करंडा आणला. तो वर्षभर कुणी उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने पदराने धरून फिरवलं. करंगळीजवळच्या बोटाला पाणी लावलं, कुंकवात बुडवलं आणि टॅबच्या कपाळावर, बरोब्बर मधोमध, ठळक टिळा लावला.

"ये रे बाबा आत," ती म्हणाली. ती हे टॅबला म्हणाली. माझ्याशी ती इतकं हळू कधी बोलत नाही.

मग तिने पिशवी उचलली. "आता तुम्ही बापलेक बोला. मी जाते, मला पाणी भरायचंय." बाळकुमला चोवीस तास पाणी असतं. जिन्यावरून खाली उतरताना तिने विचारलं, "त्यातले माझे पत्ते तसेच राहतील ना?"

"राहतील."

अकरा वाजले. मी साखरेचा डबा मांडला. टॅब आडवा टेकवला. खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मधोमध बसलो. कुंकू मला दिसत होतं. ते तिथेच असायला हवं असं मला वाटत होतं, त्यामुळे त्याखाली काय आहे हा विचार मनात आला नाही. कुंकू कुणी पुसत नाही.

मुक्ता दिसली. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत, जिथे मी दिसायला हवा होतो, तिथे लाल अंधार होता.

"बाबा? तुम्ही कुठे आहात?"

"मधोमध."

"दिसत नाही. सगळं लाल आहे."

"बिघडला वाटतं. बाळकुमला चांगला होता."

"म्हणजे तुम्हाला मी दिसतेय, पण मला तुम्ही नाही?"

"हो."

ती हसली. मग थांबली. मी त्या लाल चौकटीकडे बघत होतो. तिथे कोणी नव्हतं. तिथे कोणी नाही असं बघितल्यावर मला बोलता यायला लागलं.

मी म्हटलं, "मुक्ता, त्या गुरुवारी मी वाचत होतो. आईने आतून हाक मारली, अहो. मी म्हटलं, एवढं पान होऊ दे. तिने पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, झालंच. मग मी पान संपवलं, खूण घातली आणि आत गेलो. ती ओट्यापाशी खाली बसलेली होती. पान मोठं नव्हतं. पण अर्धं टाकून उठलो असतो तर..."

पुढे मी बराच बोललो. चाळीस मिनिटं. अॅम्ब्युलन्स, डॉक्टर, दहा की पावणेदहा, पुस्तक अजून तिथेच आहे आणि खूण त्याच पानात आहे, हे सगळं. मुक्ता ऐकत होती. तिला तिच्या पडद्यावर चाळीस मिनिटं लाल रंग दिसत होता.

मग ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले होते? माझ्याकडे बघून सांगा."

"ते म्हणाले, एका मिनिटात झालं. काही करता आलं नसतं."

"बाबा, आई तुम्हाला दिवसातून किती वेळा हाक मारायची?"

"वीस-पंचवीस."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"एवढं पान होऊ दे."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"मग तिला माहीत होतं," मुक्ता म्हणाली. तिने नाक पुसलं. "ती मला सांगायची, यांना दोन हाका आधी मारून ठेवते, मग चहा ठेवते. चहा होईपर्यंत येतात."

हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. फोनचा आकडाही माहीत नव्हता म्हणा.

कॉल संपल्यावर मी प्रशांतला फोन केला. "लाल दिसतंय," मी म्हटलं.

"कॅमेऱ्यावर काही चिकटलंय का, काका? स्टिकर वगैरे?"

"नाही. कुंकू आहे."

"बाईंनी लावलं?"

"हो."

"मग पुसा असं मी नाही सांगू शकत, काका. तुम्ही बाईंना विचारा."

ताईला विचारलं. ती म्हणाली, "सोमवारी ओल्या फडक्याने पूस. रविवारी नको."

सोमवारी मी पुसलं. पुढच्या रविवारी कॅमेरा स्वच्छ होता. मी मधोमध बसलो, चौकटीत माझं तोंड आलं, कान दोन्ही आले. मुक्ता म्हणाली, "वा, बाबा." मी दहा मिनिटं तिच्याकडे बघितलं आणि तिकडे दूध चांगलं मिळतं का ते विचारलं.

"बाबा," ती म्हणाली, "रविवारी तुम्ही आत्याकडेच जात जा. आणि बुधवारी मला घरून फोन करा. लाल."

त्यामुळे आता दर रविवारी मी टॅब कापडी पिशवीत घालतो आणि बाळकुमला नेतो. तो दंडाला ओढत नाही. ताई मधोमध बसते, मी कान दाखवतो, आणि मग ती संध्याकाळपर्यंत पत्ते लावते. बुधवारी मी घरी करंडा काढतो, बोट ओलं करतो आणि कॅमेऱ्यावर टिळा लावून बोलायला बसतो. रविवारी मी मुक्ताला दिसतो आणि बुधवारी बोलतो. दोन्ही एकदम मला अजून जमलेलं नाही.

करंड्यात कुंकू अर्ध्याच्या वर आहे.